दिव्यांग दाखल्यापासून कायदेशीर पालकत्वापर्यंत : कुठलं काम आधी, कुठलं नंतर

आमची थोरली आता एकोणीस वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, सगळे ज्याला सीपी म्हणतात ते, आणि जोडीला बौद्धिक अक्षमता. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. बावीस वर्षं लोकांच्या आधारवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळतंय का, तेच बघतेय. तरी मुलीच्या कागदांत मी ज्या चुका केल्या, त्या एखाद्या कर्जदाराने केल्या असत्या तर मी त्याला चष्म्याच्या वरून बघितलं असतं.

तिचा दाखला आजवर चार वेळा निघाला. पहिला हाताने लिहिलेला, गोल शिक्क्याचा. दुसरा राज्य सरकारच्या एसएडीएम नावाच्या संगणक प्रणालीतला. तिसरा यूडीआयडीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवरचा, आणि चौथा अठरा पूर्ण झाल्यावरचा. आता नात्यातले आणि नात्यातल्यांच्या ओळखीतले फोन करतात, "काकू, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. हे महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज आधीच काढून टाकते. कार्ड हातात आलं की सवलती आपोआप सुरू होतात, असं बहुतेकांना वाटतं. तसं काहीही होत नाही. रेल्वेचा अर्ज वेगळा, पेन्शनचा वेगळा, विम्याचा वेगळा, पालकत्वाचा वेगळा. आणि एकाचा कागद दुसऱ्याला लागत असल्यामुळे क्रम चुकला की हेलपाटे दुप्पट होतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ते २१ झाले आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ऑटिझम, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्ती, शिकण्यातली अक्षमता हे सगळं आता यात येतं. "आमच्या मुलाला चालता येतं, म्हणजे तो अपंग नाही" असं म्हणून घरी बसलेले पालक मला अजून भेटतात. बहुतेक सवलतींसाठी दाखल्यावर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं.

पिशवीत कायम काय असावं

एक प्लॅस्टिकची बटणाची फाइल घ्या. त्यात दिव्यांग व्यक्तीचं आणि पालकाचं आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, आठ-दहा पासपोर्ट फोटो आणि उपचाराचे सगळे जुने कागद ठेवा. झेरॉक्स आधीच काढून न्या. सरकारी दवाखान्यासमोरचं झेरॉक्सचं दुकान नेमकं तुमच्या दिवशी बंद असतं किंवा तिथे लाइट गेलेली असते.

१. आधार सरळ करून घ्या

पुढचं सगळं आधारवर उभं आहे. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर या तीन गोष्टी तपासा. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असेल तर दाखल्याच्या अर्जाआधी दुरुस्त करा. नंतर केलंत तर कार्डही बदलावं लागतं.

मुलांचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. इथे आमचं अडलं. मुलीच्या मुठी आवळलेल्या असतात. मशीनवर बोटं टेकवायची तर एकेक सोडवावं लागतं, आणि एक सोडवलं की दुसरं मिटतं. केंद्रावरच्या पोराने दहा मिनिटं खटपट केली, मग म्हणाला, "नाही व्हायचं ताई, मशीन घेत नाही." आम्ही मुकाट्याने घरी आलो. नंतर कळलं की ज्यांचे ठसे किंवा बुबुळं घेता येत नाहीत, त्यांची नोंद अपवाद म्हणून करायची सोय आधारमध्येच आहे. तेव्हा कुणी परत पाठवत असेल तर "अपवादाची नोंद करा" असं स्पष्ट सांगा. ऐकलं नाही तर दुसरं केंद्र गाठा.

२. यूडीआयडीचा अर्ज

केंद्र सरकारचं स्वावलंबन कार्ड नावाचं पोर्टल आहे. दाखला आणि कार्ड, दोन्हीसाठी अर्ज तिथेच करायचा. सरकारी कागदांत या कार्डाला "वैश्विक ओळखपत्र" म्हणतात, दवाखान्यात सगळे यूडीआयडीच म्हणतात. अर्जाला फी नाही. महा ई-सेवा केंद्रवाले भरून द्यायचे पैसे घेतील, ते त्यांच्या कामाचे.

जुना हाताने लिहिलेला किंवा एसएडीएमचा दाखला असेल तर तो अपलोड करायची जागा आहे. काहीच नसेल तर नवीन अर्ज करून दवाखाना निवडायचा. अर्ज गेला की नोंदणी क्रमांक मिळतो. तो कागदावर तर लिहाच, फोनमध्येही फोटो काढून ठेवा.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे मोबाइल नंबर. आमच्या शेजारच्या काकांचा अर्ज सेवा केंद्रातल्या मुलाने भरला आणि घाईत स्वतःचाच नंबर टाकला. तपासणीला बोलावल्याचा मेसेज त्याला गेला, तो विसरला, काका पाच महिने वाट बघत बसले. अर्ज कोणीही भरो, नंबर घरातल्याच माणसाचा हवा.

दुसरं म्हणजे फोटो. मान न धरणाऱ्या मुलांचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा सरळ फोटो काढणं हे स्टुडिओवाल्याच्या हातचं काम नाही. आम्ही दारात पांढरी चादर टांगली, चादरीच्या मागून ह्यांनी तिला काखेत धरलं आणि मी समोर तिचा आवडता खुळखुळा वाजवला. अकरावा फोटो चालला. पोर्टलवर फोटो आणि कागद ठरलेल्या आकारातच चढतात, म्हणून मोबाइलमध्येच लहान करून घ्या.

३. तपासणीचा दिवस

जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये, काही उपजिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत तपासणी होते. प्रत्येक ठिकाणी बोर्डाचा, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचा, वार ठरलेला असतो. आमच्याकडे बुधवार. तुमच्याकडे कुठला ते आधी फोन करून किंवा कुणाला पाठवून विचारा, आणि त्या आठवड्यात सुट्टी किंवा दौरा नाही ना तेही विचारा. तालुक्याला शिबिर लागणार असेल तर तिथे गर्दी असते, पण शंभर किलोमीटरचा प्रवास वाचतो.

कुठल्या प्रकाराला कुठली तपासणी लागते हे माहीत असलं तर एक फेरी वाचते. लहान मुलांच्या कानासाठी बेरा नावाची ऐकण्याची तपासणी लागते. बौद्धिक अक्षमतेसाठी मानसतज्ज्ञाकडून बुद्ध्यांक आणि सामाजिक क्षमतेची चाचणी. शिकण्यातल्या अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षाआधी देत नाहीत. पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासतात. बऱ्याच जिल्ह्यांत मानसतज्ज्ञ रोज नसतो, त्यामुळे त्याची तारीख आधी घ्या आणि बोर्डाची नंतर. मूल लहान असेल तर सिव्हिलमधलंच लवकर हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, आधी गाठा. तिथे फिजिओथेरपी, स्पीच वगैरे एकाच छताखाली असतं आणि पुढच्या कागदांनाही त्यांच्या नोंदी कामाला येतात. मुंबईच्या जवळपास असाल तर हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, आणि कानासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, या दोन केंद्र सरकारच्या जागा माहीत असू द्या.

आता जरा आईपणाचं बोलते. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "स्वतःच्या हाताने जेवते का?" मी म्हणाले, "हो, जेवते की." कुणासमोर आपलं लेकरू कमी दिसू नये, हा आईचा स्वभावच. खरं असं होतं की भात मी पातळ कालवायचे, घास करून तिच्या हातात द्यायचे आणि मनगट धरून तोंडापर्यंत न्यायचे. दुसऱ्या वेळी मी घरूनच एका कागदावर लिहून नेलं : बटणं कोण लावतं, बाथरूमला कोण नेतं, रात्री कूस कोण बदलतं, बोललेलं घराबाहेरच्यांना कळतं का. डॉक्टरांनी तो कागद घेतला, वाचला आणि केसपेपरला लावला. वाढवून सांगू नका, पण झाकूही नका.

सोबत डबा, पाणी, लंगोट किंवा डायपर, जमिनीवर अंथरायला एक चटई न्या. खुर्च्या सगळ्यांना पुरत नाहीत आणि दुपार होतेच.

"टक्के वाढवून देतो" म्हणणारे लोक दवाखान्याच्या चहाच्या टपरीवरच भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ घेतल्यास कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

४. दाखला हातात आला की तिथेच वाचा

या लेखातलं एकच कलम लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

मुलीच्या दुसऱ्या दाखल्यावर प्रकाराच्या रकान्यात फक्त "लोकोमोटर" म्हणजे अस्थिव्यंग लिहिलेलं होतं. सीपी हा शब्द कुठेच नाही, बौद्धिक अक्षमतेचा उल्लेख नाही. टक्के चांगले दिसले म्हणून आम्ही खूश होऊन पेढे घेऊन घरी आलो. पुढे एका विम्याचा अर्ज केला तेव्हा तो परत आला, कारण त्या योजनेत सीपी बसते, नुसतं अस्थिव्यंग बसत नाही. मुलगी तीच, आजार तोच, पण एक शब्द नव्हता. तो घालून घ्यायला सात महिने आणि नव्याने पूर्ण बोर्ड.

म्हणून खिडकीवरून हलण्याआधी पाहा : नाव आधारप्रमाणे आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का, अपंगत्वाचे जितके प्रकार आहेत तितके सगळे लिहिलेत का, निदानाचं नाव आहे का, आणि दाखला कायमचा आहे की तात्पुरता. तात्पुरता असेल तर मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी नवा अर्ज टाका.

एकापेक्षा जास्त अपंगत्वं असतील तर टक्क्यांची साधी बेरीज होत नाही. त्याचं सूत्र ठरलेलं आहे. साठ आणि चाळीस असे दोन आकडे आले तर शंभर होत नाहीत, साधारण ७३ होतात. यावरून खिडकीवर भांडू नका, तिथे तुमची बाजू लंगडीच पडेल. टक्केवारी किंवा नकार खरोखर चुकीचा वाटत असेल तर कायद्यात अपिलाची सोय आहे. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत लेखी करायचं.

२०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे दाखल्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. कार्ड पोस्टाने येतं. त्याआधी पोर्टलवरून उतरवून घेता येतं. कार्डाचे रंग तीन : ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं कार्ड मिळालं म्हणजे अर्ज नाकारला असं नाही, पण बहुतेक सवलती त्यावर मिळणार नाहीत.

५. एसटी आणि रेल्वे

एसटीचं सोपं आहे. ४० टक्के आणि वर असेल तर साध्या गाडीत ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्के व वर असेल तर सोबतच्या एका माणसाला ५० टक्के. मूळ कार्ड जवळ ठेवा. कंडक्टर नवीन असला की जरा बाचाबाची होते, कार्डावरची टक्केवारी दाखवली की मिटते.

रेल्वेचं मात्र स्वतःचं तंत्र आहे. रेल्वेचा सवलतीचा नमुना वेगळा. त्यावर सरकारी डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक लागतो. मग रेल्वेच्या दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज करायचा, विभागीय कार्यालय पडताळणी करतं आणि रेल्वेचं वेगळं कार्ड देतं. त्या कार्डाच्या नंबरावर ऑनलाइन तिकीटही काढता येतं. माझा अनुभवाचा सल्ला : रेल्वेचा कोरा नमुना छापून बोर्डाच्या दिवशीच सोबत न्या आणि त्याच डॉक्टरांकडून भरून घ्या. नाहीतर एका सहीसाठी पुन्हा तो बुधवार.

ही सवलत सगळ्या दिव्यांगांना नाही, हे कुणी आधी सांगत नाही. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, तसेच बौद्धिक अक्षम, पूर्ण अंध, आणि पूर्ण मूकबधिर यांनाच ती मिळते. पहिल्या तीन गटांना आणि त्यांच्या सोबत्याला सेकंड, स्लीपर आणि थ्री-एसीत ७५ टक्के, टू-एसी आणि फर्स्ट एसीत ५०. मूकबधिरांना स्लीपरपर्यंत ५०. कमी दिसणारा किंवा कमी ऐकणारा माणूस कार्ड असूनही बाहेर राहतो. मला हे पटत नाही, पण तिकीट खिडकीवरच्या माणसाशी वाद घालून काही होत नाही. नमुन्यावर "सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही" हा भाग खोडलेला नाही ना, ते पाहा. कायमचं अपंगत्व असलं तरी पंचवीस वर्षांपर्यंतच्यांना पाच वर्षं आणि २६ ते ३५ वयाच्यांना दहा वर्षं अशी या दाखल्याची मुदत धरली जाते. पस्तिशीनंतरचा आयुष्यभर चालतो.

६. दरमहा अर्थसाहाय्य

संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालच्यांसाठी आहे, त्यापुढे श्रावणबाळ. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे आणि महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. २०२३ पासून महिन्याला दीड हजार मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ते अडीच हजार करायचा निर्णय घेतला. आम्ही दोघं पगारदार, त्यामुळे आम्हाला हे लागू नाही. पण वस्तीतल्या दोघांचे अर्ज मी भरले, त्यावरून सांगते.

अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी शाखेत. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या चौकशीवर निघतो (पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहितात, गावात तलाठीच). मंजुरी समितीच्या बैठकीत होते, आणि बैठक कधी आहे ते शाखेतल्या क्लार्कला विचारलं तर कळतं, न विचारता कुणी सांगत नाही. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो राहिला की पैसे गुपचूप थांबतात.

आणि बँक खातं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. पतसंस्थेचं खातं यासाठी चालत नाही, हे पतसंस्थेच्याच काउंटरवर बसून मला सांगावं लागतं. दोन बँकांत खाती असतील तर ज्या बँकेत आधार शेवटी जोडलं तिथे पैसे जातात. आमच्या वस्तीतली एक आजी तीन महिने "पैसे येत नाहीत" म्हणून तहसीलला जात होती. पैसे तिच्या नातवाने गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेल्या दुसऱ्या खात्यात जमा होत होते.

७. शाळा आणि परीक्षा

सहा ते अठरा वयाच्या, ४० टक्के व वरच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि जवळची साधी शाळा की विशेष शाळा हे पालकांनी निवडायचं आहे. मुख्याध्यापक "आमच्याकडे सोय नाही" म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर सोय निघते, असा माझा अनुभव आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांची गाठ घ्या. दहावी-बारावीला लेखनिक, तासाला वीस मिनिटं जादा वेळ अशा सवलती शाळेमार्फत मागायच्या असतात, त्याही परीक्षा मंडळाचा फॉर्म भरतानाच. फेब्रुवारीत धावाधाव करून उपयोग नसतो.

८. खुर्ची, श्रवणयंत्र आणि इतर साधनं

केंद्राच्या एडिप योजनेतून, शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेतून, आणि ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतून साधनं मिळतात. पाच टक्के निधी हा शब्द ग्रामसभेत मोठ्याने उच्चारा. अनेक ठिकाणी तो मार्चअखेर घाईने खर्ची पडतो, त्यामुळे अर्ज दिवाळीच्या सुमारास टाकलेला बरा.

शिबिरं दोन असतात, मोजमापाचं आणि वाटपाचं, आणि मध्ये काही महिने जातात. मुलीच्या सीपी चेअरसाठी मी जुन्या फिजिओच्या कागदावरची मापं दिली, वेळ वाचावा म्हणून. खुर्ची आली तेव्हा तिचे पाय पायटेकणीच्या खाली चार बोटं लोंबत होते. चूक माझीच. सुताराकडून फळी ठोकून घेतली, दोन वर्षं तीच वापरली. मूल वाढतं आहे हे मोजणाऱ्याला सांगा आणि मापं त्याच दिवशी घ्यायला लावा.

९. निरामय विमा

ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चारांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याची निरामय योजना एक लाखापर्यंत आरोग्य विमा देते. आधीच्या आजारासाठी तपासणी नाही, वयाची अट नाही, आणि नुसतं दवाखान्यात दाखल होणंच नाही तर ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या उपमर्यादेत मिळतो. बाजारातला कुठलाही विमावाला आमच्या मुलीला दारात उभं करत नव्हता, त्यामुळे हे किती मोठं आहे ते मला विचारा.

नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या जिल्ह्यातल्या संस्थेमार्फत करा. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं लावून मागायचे; म्हणून मूळ बिलं, प्रिस्क्रिप्शन आणि थेरपिस्टच्या सहीचं हजेरीपत्रक जपा. हजेरीपत्रकाशिवाय थेरपीचं बिल अडकतं. दरवर्षी नूतनीकरण असतं. आणि दाखल्यावर या चारांपैकी एक शब्द असलाच पाहिजे; या लेखातलं चौथं कलम पुन्हा वाचा.

१०. अठरावा वाढदिवस

मुलगी अठराची झाली त्या दिवशी केक कापला, आणि कायद्याच्या दृष्टीने मी तिची पालक राहिले नाही. हे मला बँकेतल्या मॅनेजरने सांगितलं, तिचं अज्ञान खातं सज्ञान करायला गेले तेव्हा. सही ती करू शकत नाही, आणि तिच्या वतीने मी करू शकत नाही.

वर सांगितलेल्या चार प्रकारांत अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालकत्व मिळतं. ते देते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती. अर्ज नमुना 'ए' मध्ये. आई-वडील दोघं मिळून किंवा एकजण, नाहीतर नातेवाईक करू शकतात. सोबत दाखला, वयाचा पुरावा, आधार, फोटो, दुसऱ्या पालकाची संमती. आमच्याकडे समितीच्या वतीने एक बाई घरी येऊन गेल्या, तिची खोली बघितली, तिच्याशी बोलल्या. तिने त्यांची ओढणी धरून ठेवली, सोडेचना. पत्र पाच महिन्यांनी आलं. बँकांनी हे पत्र ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, ते सोबत न्या.

पत्र मिळाल्यावर काम संपत नाही. सहा महिन्यांच्या आत मुलाच्या नावच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. नावावर काहीच नसेल तरी तसं लिहून द्या.

एक मात्र लक्षात घ्या. सीपी आहे म्हणून प्रत्येकाला पालक लागतोच असं नाही. ज्याची बुद्धी शाबूत आहे, पण हात थरथरतात किंवा बोलणं अडखळतं, त्याचे व्यवहार त्याचे त्यालाच करू द्या. अंगठा, सही, साक्षीदार, काय लागेल ते करा. सोयीसाठी त्याच्यावर पालक लादू नका. निर्णय घेताना थोडा आधार हवा असेल तर २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, त्यात दोघं मिळून ठरवतात.

११. पगारदारांसाठी दोन ओळी

१९६१ च्या आयकर कायद्यात दिव्यांग व्यक्तीला स्वतः कलम ८०यू आणि अवलंबित असेल तर पालकाला ८०डीडी : ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्के व वर असेल तर सव्वा लाख वजावट, फक्त जुन्या करप्रणालीत. बौद्धिक अक्षम मुलांच्या पालकांना राज्याचा व्यवसाय करही माफ आहे. ह्यांच्या पगारातून वर्षाला अडीच हजार कापले जात होते आणि आम्हाला हे नऊ वर्षं माहीत नव्हतं. दाखल्याची प्रत आस्थापना शाखेला द्या, कापणी थांबते. मागचे मागण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

१२. अडलं तर

पहिल्यांदा तिथल्याच अधिकाऱ्याला लेखी अर्ज. मग जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, मग जिल्हाधिकारी. त्यानेही नाही झालं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. आयुक्तांना कायद्याने तक्रारी ऐकायचा अधिकार आहे आणि साध्या कागदावरची तक्रारही चालते, वकील लागत नाही. माहितीच्या अधिकारात "माझा अर्ज अमुक तारखेपासून कुणाच्या टेबलावर आहे" एवढाच प्रश्न विचारला तरी फाइल हलते.

कुठेही अर्ज देताना दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" असं म्हणाले तर हसून उभं राहा. मी एकदा मुलीची व्हीलचेअर आवक-जावकच्या टेबलासमोर लावून पाऊण तास उभी होते. काही बोलले नाही. शिपाई दोनदा म्हणाला, "ताई, वाट अडतेय." तिसऱ्यांदा शिक्का घेऊनच आला.